नापास होईल तो मावशीकडे

८ जानेवारी

विज्ञानात नापास! बाकी विषयांत कशीबशी पास आहे, पण ते सांगायला तोंड उघडू दिलं तर ना. बाबांनी प्रगतिपुस्तक उलटं करूनसुद्धा बघितलं, मागच्या बाजूला काही बरं लिहिलंय का म्हणून. मग जेवताना निकाल सुनावला — ‘वार्षिकला परत नापास झालीस तर जूनपासून मावशीकडे राहायचं. या घरात नापास होईल तो मावशीकडे. नियम म्हणजे नियम, सगळ्यांना सारखा.’

सगळे म्हणजे कोण? या घरात शाळेत जाणारी मी एकटी!

मावशी मुख्याध्यापिका आहे, दुसऱ्या गावात. शाळेची शिट्टी ती घरीही आणते. शिट्टी वाजली की आंघोळ, शिट्टी वाजली की जेवण. तिकडे गेले तर माझी शाळा, माझी खिडकीजवळची कॉट, आईशी भांडणं, सगळंच सुटणार.

१३ जानेवारी

शाळेने पालकांसाठी भाषण ठेवलं होतं — ‘अभ्यासाच्या प्रभावी सवयी’. बाबा पहिल्या रांगेत बसून ऐकून आले. वक्त्यांचं नाव त्यांच्या लक्षात नाही, पण ते दर दोन वाक्यांनी ‘यशाची किल्ली’ म्हणत होते म्हणे. म्हणून त्यांचं नाव किल्लीवाले.

बाबा वायरमन आहेत, कचेऱ्यांच्या एका मोठ्या इमारतीत. बिघडलेली वस्तू हातात आली की आधी झाकण उघडायचं, मग विचार करायचा, ही त्यांची पद्धत. आता माझं झाकण उघडलंय.

१४ जानेवारी

वेळापत्रक! अभ्यासाला बसायचं सोडून दिवसभर वेळापत्रक आखलं. बाबांनी पट्टी धरली, मी रेघा मारल्या. विज्ञान निळं, गणित लाल, झोप हिरवी. इतकं सुंदर झालं की आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. काकूंची मुलगी दरवर्षी पहिली येते. काकू म्हणाल्या, ‘आमच्याकडे नाही बाई असलं काही.’ बाबांना वाटलं, जळतायत.

१७ जानेवारी

किल्लीवाल्यांच्या मते मेंदू पाण्यावर चालतो. पेल्यावर पेले पाजले. अभ्यासाची सगळी वेळ संडासात गेली.

२१ जानेवारी

महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करायच्या. कुठली ओळ बिनमहत्त्वाची म्हणावी? धीरच होत नाही! सगळं पुस्तक पिवळंधमक झालंय, कावीळ झाल्यासारखं. लक्षात एवढंच राहिलं की पेन संपलं.

२६ जानेवारी

माझा फोन बिस्किटांच्या डब्यात. बिस्किटं माझ्या पोटात. थोडा वेळ अभ्यास, थोडी विश्रांती, असं चालवायला बाबांनी इमारतीतली जुनी घंटा आणून बसवली. आग लागल्यावर वाजते ती! पहिल्यांदा वाजली तेव्हा काकू चपला न घालताच खाली पळाल्या. घंटा काढली. विश्रांतीही गेली.

आरशावर चिठ्ठी — ‘मी हुशार आहे’. चिठ्ठीवर टूथपेस्ट उडून ‘हुशार’ पुसलं गेलं. मी आहे, एवढंच राहिलं. तेवढं तरी खरं.

४ फेब्रुवारी

नवा जाच. शिकलेलं दुसऱ्याला शिकवायचं. आई म्हणाली, ‘मला भाजी निवडायची आहे.’ मग विद्यार्थी म्हणून बाबाच समोर बसले. मांडी घालून, हात बांधून! ‘मला काही कळत नाही असं समज.’

धाराविद्युत शिकवायला घेतलं. भराभर म्हणून टाकलं. तर म्हणे, ‘रोध म्हणजे काय ते पुस्तक मिटून सांग.’ मिटलं. तोंडही मिटलं. दिवसभर डोळ्यांसमोर होतं ते गेलं कुठे?

९ फेब्रुवारी

परत धाराविद्युत. ‘बाबा, पुढे ध्वनीचा धडा आहे.’ ‘आधी हे पक्कं होऊ दे.’ वायरमन माणसाला विजेचा धडा कसला पक्का करायचाय! छळायची हौस, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी

आज गंमत झाली. बाबा अडूनच बसले — ‘समांतर जोडणीत रोध आणखी एक लावला, तर एकूण रोध कमी कसा होईल? वाढायला हवा!’ मी सूत्र फेकलं तोंडावर. ‘सूत्र मला दिसतंय. कसं ते सांग.’ मला येईना. मी चिडले, पेन आपटलं, उठून खिडकीत गेले.

खाली थिएटर सुटलं होतं. एका दारातून माणसं चेंगरत बाहेर येत होती. मग कुणीतरी शेजारचं दार उघडलं — तेही अरुंदच — आणि गर्दी सुटली. मी ओरडलेच, ‘बाबा, दुसरं दार! दारही अडवतंच, पण वाट वाढली ना!’

बाबा खिडकीत येऊन ती दोन दारं बघत राहिले. मग म्हणाले, ‘आम्हाला हे कुणी असं सांगितलंच नाही.’ आम्हाला म्हणजे कुणाला, असं विचारलं तर पाणी प्यायला उठले.

किल्लीवाल्यांना सांगू नये, पण हे मी आता जन्मात विसरणार नाही.

२ मार्च

वेळापत्रक गळून पडलं. कुणी परत लावलं नाही. शिकवणी मात्र रोज. आता ध्वनी, प्रकाश, सगळं शिकवते. बाबा मध्येच धाराविद्युतवर येतातच.

२३ मार्च

बाबा आज रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर गेले. आई म्हणाली, ‘लग्नाला.’ एकटेच? आणि तोंड असं पडलेलं? आल्यावर जेवले नाहीत. लग्नात वाईट वाढलं असेल असंही नाही, कारण तिथेही जेवलो नाही म्हणाले.

११ एप्रिल

विज्ञानाचा पेपर. समांतर जोडणी आली! मी दारांचं चित्रच काढलं.

२८ एप्रिल

पास! विज्ञानात चक्क चांगले गुण! आईने मिठी मारली. मावशीचा फोन आला, आवाज जरा हिरमुसलेला वाटला. बाबांनी पाठीवर हात ठेवला.

२ मे

बाबा नापास. सुपरवायझरच्या परीक्षेत, तिसऱ्यांदा. आईनेच सांगितलं शेवटी, ते ‘लग्न’ म्हणजे ही परीक्षा होती. धाराविद्युतचं सगळं बरोबर आलं म्हणे, ट्रान्सफॉर्मरवर अडले. ट्रान्सफॉर्मर माझ्या पुस्तकात नव्हताच!

बाबा माझ्या टेबलापाशी पाठ करून बसले होते. मी विचारलं, ‘मग मावशीकडे कधी निघताय?’ आईला ठसका लागला. बाबा हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मलाही रडू आलं.

त्यांचा फोन बिस्किटांच्या डब्यात टाकला. त्यांचं जाडजूड पुस्तक आणून ठेवलं आणि मी समोर मांडी घालून, हात बांधून बसले.

‘शिकवा, बाबा. मला काही कळत नाही असं समजा.’