जळालेल्या शहराचं नाव

अहो गाईडसाहेब,

बाळाला घेऊन दादाकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय. लगेच फोन करू नका, तिची झोप मोडेल.

मला न विचारता तुम्ही आईंना बाळाचं नाव सांगून मोकळे झालात. आता त्या गल्लीभर सांगत सुटल्यात. त्या जुन्या शहराचं नाव गोड आहे, मान्य. त्याच्या पडक्या भिंती दाखवून आपलं घर चालतं, तेही मान्य. पण आज सकाळी मी बाळाला कुशीत घेऊन तुमच्या पर्यटकांच्या मागे उभी होते. तुम्ही महालांचं वर्णन केलंत, बागांचं केलंत आणि शेवटी म्हणालात, "एका रात्रीत सगळं जळून खाक झालं." लोक हळहळले. मी बाळाचे कान झाकले.

पहिली लेक गेल्यापासून मी हिचा श्वास बघत रात्र काढते. तुम्ही ढाराढूर झोपता. नावाने काय होतंय, असं म्हणाल. होत नसेलही. पण तुमच्या तोंडून ते शहर रोज जळतं, आणि त्याच तोंडाने तुम्ही हिला हाक मारणार?

संध्याकाळी न्यायला या. येताना नाव मात्र असं आणा, ज्याची गोष्ट अजून संपलेली नाही.