एकच नारळ आणि सगळ्यांचे सत्कार

मु. वाडी, रहिमतपूर
यात्रेनंतरचा गुरुवार

तीर्थरूप दाजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे माजी हवालदार नाथाजीचा, टाचा जुळवून कडक नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरतानाही, हे आमच्या घरातून विचारायला सांगितलं आहे. अक्काची शुगर किती, आणि ती तुमच्यापासून चोरून गुळाचा खडा अजून खाते का, तेही कळवावे. (खात असेल तर तिला सांगू नका की मी विचारलं.) हळदीला यंदा भाव बरा आहे असं ऐकून आहे. म्हणजे तुमचा स्वभावही बरा असणार, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचून होण्याची आशा आहे.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही समोरच्याला एक वाक्य पुरं करू देत नाही, हे सांगलीच्या अख्ख्या मार्केट यार्डाला ठाऊक आहे. यात्रेच्या संध्याकाळी तेच झालं. मी कार्टून लागल्यावर तुम्हाला फोन लावून मोबाईल वर धरला, तुम्ही थोडा वेळ ऐकलंत, आणि 'नुसत्या टाळ्या वाजत्यात, हसतंय कोण? सोमवारी ये' एवढं बोलून फोन ठेवून दिलात. दाजी, तुम्ही फोन ठेवलात तिथून पुढेच खरी लढाई झाली, आणि ती आपण जिंकली. कागदाला मधेच तोडता येत नाही म्हणून हे पत्र.

आपली पैज काय होती ते आधी नोंदवतो, नाहीतर नंतर तुम्ही म्हणाल तसं ठरलंच नव्हतं. दिवाळीत अक्काच्या हातच्या करंज्या खाताना तुम्ही चारचौघांत म्हणालात की फौजेतून पेन्शनीत आलेला धडधाकट गडी दिवसभर कॉम्प्युटरवर बाहुल्या नाचवतो, हे बरं दिसत नाही. मी म्हणालो, बाहुल्या नव्हेत, विनोदी कार्टून. तुम्ही म्हणालात, मग विनोद असेल तर गाव हसलं पाहिजे. यात्रेत दाखव. गाव हसलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही हसलं तर माझ्या अडतीत पोती मोजायला काट्यावर येऊन बसायचं. लीलाबाई माझी बायको असून तुमच्या बाजूने मान हलवत होत्या. (लेक उत्कर्षा नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मी माजघरात मांडला, आणि तेव्हापासून यांची पापड वाळत घालायची जागा गेली. वैर तिथलं आहे.)

आता हे काम कसं असतं ते तुम्हाला थोडक्यात सांगतो. पी हळद आणि हो गोरी असं त्यात नसतं. आधी कॉम्प्युटरमध्ये माणूस घडवायचा, मातीचा गणपती घडवतात तसा, फक्त हात ओले होत नाहीत. मग त्याच्या आत हाडं घालायची. मग एकेक हाड थोडं थोडं हलवून त्याला चालवायचं. इतकं करून कॉम्प्युटर एकेक चित्र आपल्या सवडीने रंगवत बसतो, आणि एका सेकंदाला अशी चोवीस चित्रं लागतात. आमचा कॉम्प्युटर असा तापायचा की मांजर येऊन त्याला टेकून झोपायचं, आणि वायरमन लाईट घालवायचा तो नेमका तेवीस चित्रं झाल्यावर.

पहिला बेत कुस्तीचा होता. दोन पैलवान घडवले, मातीत उतरवले, सलामी झाली, आणि एकाने पट काढायला हात घातला तो दुसऱ्याच्या पोटातून पाठीमागे निघाला. पुष्कळ खटपट केली, पण ते दोघे एकमेकांच्या आरपार जायचे थांबेनात. शेवटी एक पैलवान दुसऱ्याच्या आत उभा राहिला आणि कुस्ती सुटेना, म्हणून मी निकाली न काढताच फड बंद केला. दुसरा बेत म्हशीचा. म्हैस मात्र सुंदर साधली होती, शिंगं सुद्धा. पण चालवायला घेतली आणि ती कदमताल करायला लागली. आलं की नाही लक्षात? मी फौजेत आयुष्यभर रंगरुटांना चालायला शिकवलं ते एकाच तऱ्हेने. म्हैस डावा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत उचलायची, थांबायची, जोरात आपटायची. दस्तगीर (आपला मंडपवाला, माझा जिवाभावाचा दोस्त, यात्रेचा पडदा आणि स्पीकर त्याचाच) बघून म्हणाला, ही म्हैस दूध देणार नाही, सलामी देईल. ती म्हैसही मी डब्यात घातली.

तेव्हा मी डोकं चालवलं. मला असे लोक हवे होते की जे हलत नाहीत. दाजी, आपल्या भागात माणूस अजिबात न हलता कधी उभा राहतो? सत्काराच्या वेळी. शाल अंगावर, नारळ हातात, मान फोटोवाल्याकडे, आणि फ्लॅश पडेपर्यंत श्वास बंद. ठरलं, सत्काराचं कार्टून करायचं. स्टेज घडवलं, खुर्च्या मांडल्या, फेटेवाले पाहुणे बसवले. राहिला नारळ. तुम्ही म्हणाल नारळात काय आहे. नारळात शेंडी आहे. त्या शेंडीचा एकेक केस कॉम्प्युटरला मोजावा लागतो, आणि एक नारळ ठेवल्यावरच त्याला धाप लागली. दुसरा ठेवला की पडदा काळा. बरं, बिनशेंडीचा नारळ सत्काराला चालतो का? आपल्यात चालत नाही. मग स्टेजवर इतके मानकरी आणि नारळ एकच. नाइलाजाने मी तोच नारळ पहिल्याकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला द्यायला लावला. पहिल्याचा सत्कार झाला की तो उठून दुसऱ्याचा करतो, दुसरा तिसऱ्याचा, असं करत ओळ संपते, आणि सत्कार करायला कुणी उरत नाही तेव्हा सगळे मिळून नारळालाच खुर्चीवर बसवतात, हार घालतात आणि दोन शब्द बोलायची विनंती करतात. तिथे नारळ बोलतो. (आवाज लीलाबाईंचा आहे. भाकरी थापताना मोबाईल पुढे धरून घेतला. किरकोळ काम होतं, पण नोंद केलेली बरी.)

आता यात्रेची संध्याकाळ. पालखी मंदिरात आली, ऑर्केस्ट्राच्या आधी माझं कार्टून ठरलं होतं. पण त्याआधी अर्थातच सत्कार झाले. यात्रा कमिटीचे अध्यक्ष जयराजराव स्वतः माईकवर. पडद्यावर दस्तगीरने कॅमेरा लावून स्टेजच मोठं करून दाखवलं होतं, म्हणजे मागच्यांनाही मानकऱ्यांची तोंडं दिसावीत. सरपंच झाले, माजी सरपंच झाले, त्याआधीचे माजी झाले, वर्गणीदार झाले, ज्यांनी पुढच्या वर्षी वर्गणी देतो म्हटलं तेही झाले. गाव टाळ्या वाजवून वाजवून गुंगीत गेलं. आणि त्या गुंगीत दस्तगीरने माझं कार्टून लावलं.

काय झालं असेल? गावाला वाटलं सत्कार चालूच आहेत. पडद्यावर स्टेज तेच, फेटे तेच, नारळ तोच. पहिल्या मानकऱ्याला शाल पडली, गावाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला पडली, वाजवल्या. पुढच्या रांगेतले एक म्हातारबाबा उठून उभे राहिले आणि माझं नाव ऱ्हायलं म्हणून कमिटीकडे तक्रार करायला लागले. मी तुम्हाला फोन लावून मोबाईल वर धरला होता तो याच वेळी. दाजी, मला समोर तुमची अडत दिसायला लागली, काटा दिसायला लागला, पिवळी पोती दिसायला लागली.

पण तुम्ही फोन ठेवलात आणि बायकांच्या बाजूने कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारची हसली. नारळ एकच आहे, हे तिकडे आधी ध्यानात आलं. हसू बायकांकडून गड्यांच्या बाजूला सरकलं, आणि तिथे पोचल्यावर लोकांनी पडद्यावरून नजर काढून खऱ्या स्टेजकडे वळवली. कारण, दाजी, (हे मला शपथेवर ठाऊक नव्हतं) कमिटीची पोरं सत्कार झालेल्यांचे नारळ पायरीवरून परत गोळा करून मागच्या बाजूने पुन्हा ताटात आणून ठेवत होती. पोतंभर नारळ आणायचे राहून गेले होते म्हणे. एक पोरगं शेवटचं ताट घेऊन मध्येच उभं होतं आणि त्याला पुढे जावं की मागे हे कळेना. असा हशा पिकला की ऑर्केस्ट्रावाले तालीम सोडून बाहेर आले.

जयराजरावांचा चेहरा गोरामोरा झाला. त्यांना वाटलं मी मुद्दाम कमिटीची लाज काढली. ते माईक घेऊन उठले, हातात त्यांच्या सत्काराचा नारळ, आता मला उद्देशून काय बोलणार म्हणून मी सावधान उभा. आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावरचा नारळ हार घालून, खुर्चीवर बसून, लीलाबाईंच्या आवाजात कळवळून म्हणाला, 'आवं, आता तरी फोडा की मला.'

दाजी, मी खोटं सांगत नाही, गाव लोळलं. म्हातारबाबा तक्रार विसरले. आणि जयराजराव, ज्यांना हसताना त्यांच्या घरच्यांनीही पाहिलेलं नाही, ते माईकमध्येच हसले, त्यामुळे ते हसू गडगडाटासारखं चारी वाड्यांना ऐकू गेलं. मग ते स्टेजच्या पायरीवर आले आणि हातातला नारळ सगळ्यांदेखत फोडला. त्यांचं बघून सरपंचांनी ताटातला उचलून फोडला, माजींनी फोडले. खोबऱ्याचा प्रसाद वाटला. कार्टून पुन्हा लावा म्हणून ओरडा झाला, तो ऐकून पुन्हा लावलं, मग आणखी एकदा. शेवटी माझा सत्कार करायचं ठरलं तर नारळच शिल्लक नव्हता, म्हणून मला नुसती शाल मिळाली. मी ती अजून अंगावरून काढलेली नाही. उकडतं, पण असू दे.

तेव्हा पैज मी जिंकलो. साक्षीदार दस्तगीर. सोबत पेनड्राइव्ह पाठवतो आहे, त्यात कार्टूनही आहे आणि गावाचं हसणंही. आधी हसणं ऐका. अक्काला दाखवताना तिला उशीला टेकून बसवा. काट्यावरची खुर्ची कुणा गरजूला द्यावी आणि हा विषय आपल्या दोघांत कायमचा मिटला असं समजावं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्या गुडघ्याला लवकर आराम पडो.

आपला आज्ञाधारक, पण आता स्वतंत्र,
नाथाजी

ता. क. शाल काढली.

ता. क. दुसरा. दाजी, हे जरा आपल्यातच ठेवा. यात्रेपासून घरात पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या कार्टूनात आपल्याला घ्या म्हणून माणसं येतात. एकाला मिशी थोडी जाड हवी, एकाला त्याचा बैल हवा, एकाला शेजारी नको. जयराजराव रोज येतात आणि आपल्या तोंडी चांगलं वाक्य टाका म्हणतात. एक चित्र पुरं होत नाही. तुमच्या अडतीत काट्यामागे तो कोपरा आहे, तिथे पंखा आणि प्लग आहे का? असल्यास सोमवारी येतो. वजनं उतरवीन, मधल्या वेळात माझं काम करीन. मी हरलो म्हणून नव्हे, हे मात्र सगळ्यांना स्पष्ट सांगावं.

दाजी, पाकीट चिकटवाय माझ्याकडं दिलं म्हून मी वाचलं. नारळाचं त्ये बोलणं ह्यांनी लिवल्यालं न्हाई. ह्यांनी लिवलं हुतं, बंधू-भगिनींनो, आता तरी विचार करा. मी म्हणलं, आवं, नारळ कशाला भाषण करंल, त्यो म्हणंल फोडा मला. ते असूंद्या, घरातल्या घरात हाय. पर काट्यावरची नोकरी ह्यांना दिऊ नगा. मी तुमच्या बाजूची हुते, न्हाई म्हणत न्हाई. पर आता दुपारची भांडी झाली की आमी दोघं त्या मिशनीम्होरं बसतो. म्हस पुन्यांदा काढलीया, तिचा आवाज मीच करतीया. लय हसतो. लगीन झाल्यापास्नं ह्यो माणूस सुट्टीला पावण्यासारखा यायचा अन् जायचा. आत्ता कुठं बदली घराकडं झालीया. तेवढी रद्द करू नगा.
— लीला