यंदाचा तळ्यावरचा मुक्काम

कुर्डुवाडी, ता. ३ डिसेंबर १९३१

तीर्थरूप दादास शकूचा शि. सा. न. वि. वि.

इकडची बातमी एकच, आणि ती मला मुळीच आवडलेली नाही. रेल्वेने यांची बदली झाशीला केली. जानेवारी लागताच निघायचे. पुन्हा माहेरी येणे दोन वर्षांनी होते की चार, कोण जाणे.

म्हणून एक हट्ट आहे. या नाताळच्या सुट्टीत हिप्परग्याच्या तळ्यावर तीन दिवस मुक्काम करू या, लहानपणी करायचो तसा. नानांनी मोजणी खात्याच्या लिलावात घेतलेली राहुटी अजून आहे ना? ती बैलगाडी, ते करकोचे, आईची चुलीवरची गरम भाकरी! तू चिखलात रुतलास आणि चन्नप्पा गाडीवानाने तुला मुळ्यासारखा उपटला, ते मी झाशीलासुद्धा सांगत सुटणार आहे. पण आई हवीच. तिच्यावाचून मुक्काम कसला?

लोभ आहे, झाशीचे अंतर त्याच्या आड येऊ देऊ नकोस.

तुझी,
शकू

सोलापूर, ता. ७ डिसेंबर

चि. सौ. शकुंतला हीस दादाचे अनेक आशीर्वाद.

झाशीचे वाचून नाना खाटेवर जाऊन पडले. मुक्कामाचे सांगितले तेव्हा कुठे उठले, आणि आता अंगणात राहुटी पसरून ठिगळे लावत बसले आहेत. बैल लई माजलेत, कवा जुंपू तेवढं सांगा की, असे चन्नप्पा दोनदा येऊन विचारून गेला.

अडले आहे ते आईपाशी. ती येत नाही म्हणते. गुडघे दुखतात का, तर नाही. मग काय, तर उठून चुलीकडे जाते. नाना रुसले आहेत. तूच तिला लिही. हल्ली तिला वाचता येते. तुझ्या वहिनीने वर्षभर पाटीवर गिरवून घेतले आहे. उत्तर लिहील की नाही, ते मात्र सांगवत नाही.

तुझ्या यजमानांस नमस्कार.

तुझा,
कमलाकर

सोलापूर, ता. १४ डिसेंबर

चि. सौ. शकू हीस आईचा आशीर्वाद.

माझे हे पहिले पत्र. अक्षराला हसू नकोस.

तू लिहिलेस, आई, तुला तिथे किती आवडायचे. कोणी सांगितले तुला? अकरा वर्षे मी वाऱ्याकडे पाठ करून चूल फुंकली. पिठात वाळू, डोळ्यांत धूर. तुम्ही पाण्यातून आलात की भूक, झाडावरून उतरलात की भूक. नानांचे खात्यातले स्नेही येत, त्यांचा चहा वेगळाच. तुमचे हसणे ऐकून बरे वाटे, हे खोटे नाही. पण मला काय वाटते ते कोणी विचारले नाही. आपण होऊन बोलायची लाज वाटे. लिहायची वाटली नाही, याचे माझे मलाच नवल वाटते.

तू इतकी लांब चाललीस. ते तीन दिवस मला तुझ्याजवळ बसायचे आहे, चुलीजवळ नाही. तसे जमत असेल तर येते. हे पत्र पेटीत टाकण्याआधी नानांना वाचून दाखवले आहे.  सूनबाई म्हणते, भाकरीला पीठ किती घ्यावे म्हणून नाना तिला विचारून गेले.

तुझी,
आई

सोलापूर, ता. १२ जानेवारी १९३२

चि. सौ. शकू हीस आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. तिकडे थंडी फार, तर दिलेली चादर पांघर. ठेवणीत ठेवू नकोस.

नानांच्या बोटांवरचे फोड बरे झाले. जन्मभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, पण भाकरीची हद्द काही जुळत नाही. तरी रोज सकाळी थापायला बसतात. मीही नको म्हणत नाही. तळ्यावरचे भरीत आपणच झकास केले होते, असे कमलाकर सगळ्यांना सांगतो. त्यात मीठ नव्हते, हे अजून कोणी त्याला सांगितलेले नाही. जावईबापूंना रेल्वेचा पास मिळतो ना? मग दोन वर्षे आणि चार वर्षे कशाला? पुढच्या नाताळात या.

तू गेलीस त्या दिवशी मी रडले. पण आता बरे आहे. तळ्यावरच्या त्या दुपारी तू माझ्या केसांना तेल लावत होतीस आणि मी नुसती पुढे बघत बसले होते. पाणी इतके लांबवर पसरले आहे, हे मला ठाऊकच नव्हते. अकरा वर्षे तळ्यावर गेले, शकू; तळे यंदा पाहिले.

तुझी,
आई