अर्धी विणलेली खुर्ची दोघींच्या नावे

सगळ्यात आधी आली धाकटी. हे मी कागदाच्या डोक्यावरच लिहून ठेवते, कारण उद्या मी नसले की थोरली म्हणेल मीच आधी पोचले होते, आणि आमचे चर्चचे पाळक असे की ते दोघींनाही हो म्हणतील. तर आधी धाकटी आली. खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन अख्ख्या गल्लीतून चालत आली आणि पायरीवरच उभी राहिली. मग पाळक आले, मग थोरली. शेजारची शिंपीण सकाळपासून भिंतीला कान लावूनच होती, तिला बोलवावं लागलं नाही. हे गेल्यापासून माझ्या पुढच्या खोलीत एवढी माणसं जमली नव्हती. इतका आनंद झाला की दम लागला, आणि दम लागला म्हणून पुन्हा खाटेवर पडले. डॉक्टर म्हणतात हृदय दमलंय. म्हटलं, दमणारच, त्याची मालकीण कुठे ताजी आहे.

आता कायद्याचं. मी, खाली सही करणारी, वेताच्या खुर्च्या विणणाऱ्याची बायको आणि स्वतःही विणणारी, दोन मुलींची आई, नातवंडांची आजी, शाळा जेमतेम अक्षरओळखीपुरती, पूर्ण शुद्धीवर, एका कानाने चांगलं ऐकणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. वकिलाने सगळं एका पानात नीट बसवून दिलं होतं, पण त्या पानात मी मला कुठे सापडेना, म्हणून माझ्या हाताने पुन्हा लिहिते आहे. त्याचं एक वाक्य मात्र घशात अडकलं. "कोणाच्याही दडपणाखाली न येता." माणसाचं दडपण माझ्यावर नाही. पण मी ख्रिस्ती बाई, सहीच्या वर खोटं कसं लिहू? दुसऱ्या एकाचं दडपण या घरावर पाच वर्षं आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी घराचं बघते, मग त्याचं.

कलम पहिले. सदर घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि जिथे आम्ही काम करायचो ती पडवी, दोन्ही मुलींना सारखं. भिंत घालून वाटू नये. पडवीचा पत्रा वारा आला की आपटतो, तो आधी ठोकून घ्यावा, मग मालकी सांगावी. वकील म्हणाला, आजी, अट घाला, दोघी एकत्र आल्या तरच घर मिळेल. मी घातली नाही. अटीने माणसं एका खोलीत येतात, मनं बाहेर पायरीवरच राहतात.

कलम दुसरे. बँकेत जे आहे त्यातून माझं दफन साधं करावं. पेटीला नक्षी नको, मातीला नक्षीचं काय कौतुक. उरेल ते मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एकट्या म्हाताऱ्यांच्या औषधाला.

कलम तिसरे. माझं मोठ्या अक्षरांचं शास्त्र, म्हणजे बायबल, थोरलीला. त्याच्यावर मी कधी चष्मा ठेवायचे, कधी बिलं, कधी दुधाचं भांडंसुद्धा. हे गेल्यावर एकदा ते उघडायला गेले तर वर इतकं काही साठलं होतं की उचलायचाच कंटाळा आला. तेव्हा उमजलं, तो न दिसणारा शास्त्र चोरून नेत नाही. नुसतं त्याच्यावर काहीबाही ठेवत जातो. थोरले, त्याच्यावर भांडं ठेवू नकोस.

आता त्याच्याबद्दल. सैतान म्हटलं की मुलं शिंगं काढतात चित्रात. शिंगं असती तर बरंच झालं असतं, दारातून आत येताना अडकली तरी असती. माझ्याकडे तो आला तो माझ्याच आवाजात. हे गेल्यावर सकाळी सकाळी म्हणायचा, दमलीस ना, आज प्रार्थना राहू दे, उद्या कर. किती मायेने म्हणायचा! खरी दमणूक झोपून उठलं की उतरते, ही झोपून उठलं की चढायची. त्यावरून ओळखलं. अशा वेळी लांबलचक प्रार्थना करायला जाऊ नका, दम पुरत नाही. प्रभूचं नाव घ्यायचं, मी दमलेय म्हणून सांगायचं, आणि झाडू हातात घ्यायचा. घर अर्धं झाडून होईतो आवाज बारीक होतो. रोज करावं लागतं, एकदा करून भागत नाही. याचाच मला सगळ्यात कंटाळा आहे, पण करते.

माझ्यावरचं मी झटकत आले. मुलींवरचं मात्र मला झटकता येईना. ती हकीकत अशी.

आमचे हे गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी या खुर्चीची बैठक विणायला घेतली होती. वेत ओला असतानाच ओढून बसवायचा, मग तो वाळता वाळता ताठ होतो आणि वाळताना कुरकुरतो. आमच्या दोन्ही पोरी लहानपणी त्या कुरकुरीवरच झोपी गेल्या आहेत, अंगाईची गरज पडली नाही. हे गेले आणि अर्धी बैठक तशीच राहिली. लोक भेटायला येत होते. त्यांत एक दर्शनवाल्या बाई आल्या. आमच्या मंडळीतल्या नव्हेत, पण प्रार्थना करताना त्यांना दिसतं अशी ख्याती. त्यांनी डोळे मिटले, खोली गप्प झाली, आणि रिकामी खुर्ची कुरकुरली. बाई म्हणाल्या, या घरात सावली शिरली आहे, ती या खुर्चीत बसली आहे, आणि हिला जो जपेल त्याच्या घरी ती जाईल.

मी म्हटलं, अहो बाई, वेत वाळतोय. पण दुःखात माणसाला साधं कारण अपुरं वाटतं. थोरली म्हणाली, आई, तुझे डोळे रडून आंधळे झालेत, खुर्ची जाळायची. धाकटी म्हणाली, बाबांच्या हातचं शेवटचं काम मी जाळू देणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी ती खुर्ची उचलून घेऊन गेली. वेतकाम करणाऱ्याच्या पोरी वेताला घाबरल्या, याचं मला अजून हसू येतं. तेव्हा मात्र आलं नव्हतं.

पुढे थोरलीच्या मुलाला ताप आला. मुलांना ताप येतोच. पण तो म्हणे मावशीकडे जाऊन आल्यावर आला. मग थोरलीने मंडळीत उभं राहून बहिणीचं नाव घेऊन प्रार्थना मागितली, की तिच्या घरातली सावली जावो. ऐकायला प्रार्थना, आत चहाडी. देवाला सांगायचं होतं तर घरातून ऐकू गेलं असतं, त्याचे कान माझ्यासारखे नाहीत. ज्यांना ऐकवायचं होतं ते मागच्या बाकांवर बसले होते. तेव्हापासून लोक धाकटीच्या शेजारी बसायचं टाळू लागले. एकजण सरकला की दुसराही सरकतो.

तो असाच काम करतो, पोरींनो. सगळं खोटं कधी बोलत नाही. बहीण खुर्ची घेऊन गेली, हे खरं. पोराला ताप आला, हेही खरं. मधे चिमूटभर त्याचं, आणि मग सगळंच त्याचं.

धाकटीच्या घरी ती खुर्ची एकदाही वाजली नाही. वेत वाळून केव्हाच गप्प झाला होता. पण तोवर तिच्या मनात वाजायला लागलं होतं. आधी तिने गाणाऱ्यांच्या बाकावर बसणं सोडलं, मग उपासनेला येणं, मग माझ्या घरात पाय ठेवणं. फोनवर बोलायची, औषध संपलं का विचारायची, नातीच्या हाती पाठवायची, पण स्वतः येईना. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, आई, माझ्यामुळे कोणाला काही व्हायला नको. चांगली हसरी, भांडकुदळ पोर माझी, ती स्वतःलाच अपशकुन समजायला लागली. हे माझं खरं भय. मला मरणाचं भय नाही, मरण ओळखीचं आहे. पण माझ्यामागे ही पोर दारं लावून बसेल, आणि लावणारा कोण हे तिला कळणारही नाही.

म्हणून तिच्यासाठी हे ठळक लिहिते. प्रभू चूक दाखवतो तेव्हा नेमकी कुठली चूक ते सांगतो, आणि दार उघडं ठेवतो, ये आणि नीट कर. दुसरा कुठली चूक ते कधीच सांगत नाही. तो नुसतं म्हणतो, तूच वाईट. आणि दार लावून घेतो. आवाज ओळखायचा असेल तर एवढंच बघ, दार उघडलं का लागलं.

आता आजचं. मी निरोप धाडला होता की मृत्युपत्र करते आहे, दोघींनी यावं, आणि धाकटीने खुर्ची आणावी. मरणाऱ्या म्हातारीचा निरोप मोडवत नाही, हा म्हातारपणाचा एकच फायदा. धाकटी पायरीवर उभी. म्हणाली, "आई, मी आत नाही आणत. तूच बाहेर येऊन बघ."

मला खाटेवरून उठवेना. तेवढ्यात थोरली आली. बहिणीकडे न बघता, खुर्चीला वळसा घालून आत येऊन बसली. पाळक खोकले. शिंपीण छताकडे बघत बसली, तिथे बघण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, थोरले, मला खाली वाकवत नाही, तू बाहेर जा आणि त्या खुर्चीखाली बसून खालून बघ, बैठक कितपत टिकली आहे. मला वाटणी लिहायची आहे.

आमची विणायची रीत वेगळी होती, ती इथे सांगायला हवी. हे वर बसायचे, मी खाली. ते चौकटीच्या भोकातून वेत खाली सोडायचे, मी तो ओढून शेजारच्या भोकातून वर द्यायचे, आणि वेत निसटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकायची. खालचीला वरचं दिसत नाही, वरच्याला खालचं दिसत नाही, त्यामुळे सारखं बोलावं लागतं. कुठलं भोक, किती ओढू, सोड आता. यांच्याशी भांडण झालं तरी आमचा अबोला पहिल्या ओळीच्या पुढे कधी टिकला नाही. आणि खुर्ची बिघडते ती नेहमी खालून. वरून चकचकीत असते.

थोरली कुरकुरली, त्या खुर्चीपेक्षा जास्त. या वयात मला जमिनीवर बसवतेस, गुडघे बघ माझे. पण गेली. खाली बसली, मान वाकडी करून वर बघितलं. बाहेरच येईना. मला वाटलं गुडघा अडकला.

मग म्हणाली, "बाबांनी भोकं सोडलीयत."

यांनी आयुष्यात कधी भोक सोडलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत हात थरथरत होते, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. थोरली तेव्हा लांब राहायची, तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती तिथे बसून बापाचा थरथरणारा हात बघत होती.

वरून धाकटी म्हणाली, "कुठली?"

"डावीकडची. दोन. खुंटीपण सैल आहे."

"थांब, मी वरून दाबते. तू ओढ."

पाच वर्षांनी एकमेकींशी बोलल्या त्या एवढंच. मी डोळे मिटून घेतले, नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी निसटलं असतं आणि सगळं विस्कटलं असतं. शिंपीणसुद्धा गप्प बसली, हा खरा चमत्कार, पाळकांनी लिहून ठेवावा.

दोघी सैल वेत सोडवत बसल्या. खालूनच थोरली म्हणाली, "मी मंडळीत तुझं नाव घेतलं ते देवासाठी नव्हतं गं. मला राग आला होता." समोर बघून तिला ते म्हणता आलं नसतं. धाकटी म्हणाली, "तू एकदाच घेतलंस ताई. मीच माझं नाव रोज घेत होते." मग थोरली खुर्चीखालून बाहेर आली, खुर्ची उचलली आणि उंबरा ओलांडून तिने स्वतः आत आणून माझ्या खाटेशेजारी ठेवली. मागून धाकटी आली. रिकाम्या हातांनी, आणि आत.

तर सावली होती, हे मी नाकारत नाही. बाईंना काहीतरी दिसलं असेलही. पण ती खुर्चीत नव्हती. आम्ही खुर्चीकडे बोट दाखवत राहिलो आणि ती आमच्या मधे येऊन बसली, आमचाच चहा पीत. पुन्हा येईल. तो एका घरातून हाकलला की परतीचा रस्ता विसरत नाही. एकमेकींविषयी मनात काही आलं की देवाशी बोला, मग बहिणीशी बोला. तिसऱ्या कोणाशी बोलायची वेळच येऊ देऊ नका.

कलम चौथे. दर्शनवाल्या बाईंना मी काही ठेवत नाही, त्यांच्याविषयी रागही मागे ठेवत नाही. ठेवला तर त्याच्यावर कोण येऊन बसेल ते मी वर लिहिलंच आहे. हा राग माझ्या नावावर होता, तो आज मी पाळकांच्या समोर प्रार्थना करून उतरवला. पूर्ण उतरला असं वाटत नाही, उद्या पुन्हा बघेन. त्यांची छत्री त्या दिवशीपासून माझ्याकडे राहिली आहे. चांगली आहे. परत द्यावी.

कलम पाचवे. अवजारं, म्हणजे टोच्या, खुंट्या, लहान हातोडी, वेत सोलायची सुरी आणि भिजवायचं घमेलं, आणि सदर अर्धी विणलेली खुर्ची, दोघींना मिळून. ही एकच वस्तू अशी ठेवते की जी एकीला एकटीने घेता येणार नाही. एकीने वर बसावं, एकीने खाली. आळीपाळीने बसावं, थोरलीने गुडघ्याचं निमित्त सांगू नये. यांनी सोडलेली भोकं भरू नयेत, तशीच राहू द्यावीत, त्यांचा हात तिथे आहे. बैठक तेवढ्याने पडत नाही.

हे सगळं मी वाचून दाखवलं, कोणी हरकत घेतली नाही. वाटणी ज्यांना मिळते त्यांनी साक्ष द्यायची नसते असं वकील म्हणाला, म्हणून मुलींच्या सह्या नाहीत, त्यांचा चहा मात्र झाला.

सही : आई (दोघींची)
साक्षीदार : पाळक, सही केली. शेजारची शिंपीण, सही केली, आणि वरचं सगळं पुन्हा एकदा वाचून घेतलं.
ठिकाण : माझी पुढची खोली, खुर्चीच्या शेजारी.
वार : बुधवार, ऊन उतरताना.

सहीनंतरची एक ओळ. घरातला वेत जुना आणि कोरडा निघाला, वाकवला की मोडतो, म्हणून आज विणता आलं नाही. थोरली नवा आणते म्हणाली. धाकटी म्हणाली, उपासनेच्या आदल्या दिवशी विणून झालं तर वाळायला रात्र मिळेल, सकाळी इथूनच उपासनेला जाता येईल. तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मी पुढचं काही विचारलं नाही. पाणी घमेल्यात भरून ठेवते. मी नसले तर शिंपीण भरेल, तिला सांगून ठेवलं आहे. खुर्ची वाळताना रात्रभर कुरकुरेल, कोणी घाबरू नये. दोघी शनिवारी येतो म्हणून गेल्या आहेत.