एकोणसाठ हात आणि एक सुई

ती. मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो नाही, कंबर धरली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आम्ही सुखरूप आहोत. हे वाक्य आजवर रिवाज म्हणून लिहायचो, आज खरं आहे.

नवं सरकार आलं आणि गल्लोगल्ली राज्यघटना समजावून सांगायचा हुकूम निघाला. आमच्या गल्लीसाठी निवडलं कोणाला, तर मला, कवायत मास्तरला! बावीस वर्षं ज्यांना शिट्टीसरशी एकदम हात वर करायला शिकवलं, त्यांनाच आता सांगायचं, आपापल्या मनाने करा. सरावाला सोपा प्रश्न घेतला: नवा नळ माझ्या दारासमोर बसवावा का? (माझीच सोय, कबूल.) बाजूने किती? शाळेच्या हॉलभर हात वर. विरुद्ध किती? पुन्हा हॉलभर! वर न्हावी म्हणतो, "मास्तर, दोन्हीकडे असलेलं बरं, उगाच कोणाच्या नजरेत यायला नको." मी घसा फोडून सांगितलं, एका माणसाने एकदाच. मग बाजूने एकोणसाठ, आणि विरुद्ध एकच हात, त्यात विणायची सुई. तुमच्या भाचेसुनेचा! म्हणे, "अख्खी गल्ली माझ्या पायरीवर चिखल करेल. मला नको." झालं! आता हिला न्यायला कोण येतं, म्हणून सगळे दाराकडे बघायला लागले. कोणी आलं नाही.

घरी येऊन मी तिच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवली. (जुन्या सरकारच्या माणसांनी थोरल्या काकांना उचलून नेलं तेव्हा साधा स्वेटरही देता आला नव्हता, ते डोक्यातून जात नाही.) तीन दिवस मला घास गिळवेना, ही आपली विणत बसलेली. चौथ्या दिवशी दार वाजलं. टोपीवाला माणूस, हातात वही. मी पिशवी उचलून पुढे केली. तो म्हणाला, "एक मत विरुद्ध आहे, बाईंचं म्हणणं लिहून घ्यायला आलोय." हिने सगळं सांगितलं, वर त्याला बूट पायरीखाली काढायला लावले. तो लिहून घेऊन, पाणी पिऊन गेला. मामा, लाज कसली, मी दारातच बसून पोरासारखा रडलो. नळ बहुमताने दारासमोरच येतोय, पण चिखल होऊ नये म्हणून फरशीही बसणार आहे.

तुमचा भाचा

ता. क. पूर्वी पाकीट उघडंच टाकायचो, तपासणाऱ्यांनी फाडू नये म्हणून. हे मात्र चिकटवलंय. पत्रं आता कोणी उघडत नाही, हे कलम गुरुवारी शिकवायचंय. तेव्हा पाकीट चिकटलेलं मिळालं का, ते लगेच कळवा.

आणखी एक, पण हे मामांसाठी नाही. साहेब, उघडलंच असेल तर लिहून घ्या: तो सुईवाला हात माझा होता, बायकोचा नाही.