तीन मिस कॉल आणि तिसरी सही

मी, रज्जाक इस्माईल तांबोळी, वय एकाहत्तर, राहणार तुंगार्ली, लोणावळा, चिक्कीच्या भट्टीवरून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव असलाच तर तो माझ्याच मनाचा आहे.

१. घर आणि बँकेतली ठेव शरियतप्रमाणे ज्याची त्याला जाईल. त्यात मी हात घालत नाही.

२. जुन्या पडद्यांच्या शिवलेल्या अकरा पिशव्या आणि तळ्याकाठचा कचरा वेचायची खिळ्याची काठी सून इफ्फत हिला. तांदूळ धुतलेले पाणी कढीपत्त्यालाच घालावे. मात्र पाहुण्यांना प्लास्टिकवरून सुनावू नये. ते मी आयुष्यभर भरपूर केले आहे.

३. मोबाइल पुतणी रुमाईसा हिला. त्याबद्दल लिहिणे भाग आहे.

अठ्ठावीस दिवसांचा महिना कोणत्या कॅलेंडरात असतो, यावरून मी रिचार्जच्या दुकानात दर वेळी वाद घालायचो. वर्षाला तेरा रिचार्ज. म्हणून मुदत संपली की हट्टाने दहा-बारा दिवस तसेच काढायचो आणि त्याला काटकसर म्हणायचो. बायको परवीन म्हणायची, "अहो, मारून टाका ना रिचार्ज. वेळ काय सांगून येते?" मी तिच्या खोलीतला दिवा बंद करून निघून जायचो. आज त्याची लाज वाटते.

धाकटा भाऊ नवाज वराळ्याला असतो. आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. एक मिस कॉल म्हणजे सगळे खुशाल, तीन म्हणजे असशील तसा निघून ये. समोरून उचलला जाऊ नये म्हणून मी फोन कानाला न लावताच तीन आकडे मोजून कापायचो. दोन वर्षांपूर्वी परवीन सकाळी चहा करताना गेली. भावाला बोलून सांगायचे धैर्य नव्हते, म्हणून तीन मिस कॉल दिले. मुलगा हमदान त्याला फोन लावत होता, त्याला मीच अडवले. "नवाजला कळवलंय," म्हणालो. जनाजा उठेपर्यंत मी रस्त्याकडे पाहत होतो.

नवाज चौथ्या दिवशी आला. उंबऱ्याबाहेर चपला काढून म्हणाला, "भाईजान, मला कुनी कळवलंच न्हाई. बाजारात ऐकलं."

मी चार लोकांदेखत म्हणालो, "तीन वेळा कळवलं. भाभीच्या मातीला आला नाहीस, आता या दारात पण येऊ नकोस."

पुढच्या आठवड्यात रिचार्ज मारायला गेलो तेव्हा दुकानातली तेजल म्हणाली, "चाचा, बारा दिवस झाले संपून. तुमचा एकही फोन लागला नसणार."

हे मी कोणाला सांगितले नाही. दर ईदला रुमाईसा तिच्या घरचा शीरखुर्मा आणते. वाया जाऊ नये म्हणून मी तो खातो, डबा घासून परत देतो आणि तिच्या बापाची, नवाजची, चौकशी करत नाही.

४. नवाजच्या नावे काही ठेवलेले नाही. राग नव्हे. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये. मला त्याची सही हवी आहे. सही करण्यापूर्वी त्याला कलम तीन वाचावे लागेल. तो वाचेपर्यंत मी त्याच्या उंबऱ्याबाहेर, चपला काढून उभा राहीन.

लिहून देणार: रज्जाक इस्माईल तांबोळी
तुंगार्ली, शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

साक्षीदार:
१. महिपती धोंडू येवले, शेजारी (सही)
२. नंदाबाई महिपती येवले (अंगठा)
३. नवाज इस्माईल तांबोळी, सख्खा भाऊ (जागा रिकामी)