रविवारची धून आणि खालच्या घराची किल्ली

मी, रोझविता क्लापरोट, फीत विणण्याच्या कारखान्यातील निवृत्त कामगार, कै. गुंथर क्लापरोट यांची पत्नी, राहणार वुपरटाल, जर्मनी, तिसरा मजला, डोके ठिकाणावर ठेवून आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. पण रविवारच्या पोलीस मालिकेत म्हातारी मेली की पहिला घोळ मृत्युपत्राचाच होतो, हे मी तरुणपणापासून पाहत आले आहे. म्हणून दोन साक्षीदार घेतले आहेत.

१. राहते घर, टीव्ही आणि बँकेतील शिल्लक माझी भाची बिर्गिट हिला. ती येथे राहायला येणार आहे. शिलाई मशीन आणि कात्रीही तिलाच. त्या कात्रीने कागद कापू नयेत.

२. दीर राल्फ यांना टीव्हीचा रिमोट, बॅटरीशिवाय. "वहिनी, हा पाहुणा नट नावाजलेला आहे ना? मग हाच खुनी!" असे सुरुवातीलाच ओरडून त्यांनी माझे कितीतरी रविवार नासवले. खुनी कोण हे मलाही कळते. त्यासाठी बघतो कोण? इन्स्पेक्टर म्हातारे झाले, बदलले, सुरुवातीची धून तीच राहिली. आठवडाभर जगात काहीही होवो, रविवारी पावणेदहापर्यंत कोणीतरी खरे बोलतो आणि कोणीतरी पकडला जातो. सोमवारी कारखान्यात जायला मला तेवढे पुरत असे. गुंथर गेल्यावरही पुरले.

३. खालच्या मजल्यावरचे एबरहार्ड निगेमान. यांनी माझ्या टीव्हीच्या आवाजाबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. आवाज बेताचाच होता, हे मी मरतानाही म्हणेन. जिन्यात आम्ही एकमेकांकडे बघतही नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी बटाट्याचे सॅलड घेऊन वळताना मी स्वयंपाकघरात पडले. खुबा मोडला. फोन बाहेरच्या खोलीत, आणि रात्री सव्वाआठला मालिका सुरू झाली की आमच्या इमारतीत कोणी कोणाचे दार वाजवत नाही. तेवढ्यात कुलूप उघडले. निगेमान, घरातल्या सपातांत! गुंथरने बऱ्या दिवसांत त्यांना आमची किल्ली दिली होती, भांडणात ती परत मागायची राहून गेली.

"क्लापरोटबाई, धून वाजली नाही! म्हटलं, ही बाई मेल्याशिवाय टीव्ही बंद ठेवायची नाही."

"मेले नाहीये. आधी टीव्ही लावा, मग अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करा."

"आधी फोन. सुरुवातीला काय झालं ते सांगतो मी."

"तुम्हाला काय माहीत?"

तेव्हा कळले. गृहस्थ खाली तीच मालिका बघत. आवाज बंद करून. माझा वरून पुरतो म्हणून!

तेव्हापासून ते रविवारी वर येतात. सॅलडमध्ये मीठ कमी आहे म्हणतात आणि दोनदा वाढून घेतात. सॅलडचे भांडे त्यांना.

४. निगेमान यांना जवळचे कोणी नाही. मदतीला बोलावण्याचे बटण गळ्यात घाला म्हटले तर म्हणाले, "मी काय गाय आहे, घंटा बांधायला?" मी तृप्त आहे, पण माझ्यामागे ते पडले तर कळणार कोणाला, ही एक गोष्ट जिवाला लागून राहिली आहे.

म्हणून माझी इच्छा अशी: निगेमान यांनी दर रविवारी आपला टीव्ही आवाजासकट लावावा. बिर्गिटने सव्वाआठला स्वतःचा टीव्ही लावण्याआधी खालची धून ऐकावी. ऐकू आली नाही तर दाराजवळच्या खुंटीवरची त्यांची किल्ली घेऊन लगेच खाली जावे. ही किल्ली त्यांनी मला कुरकुरत का होईना, दिली आहे. आवाजाबद्दल तक्रार करण्याचा हक्क बिर्गिटला नाही.

वुपरटाल, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

(सही) रोझविता क्लापरोट

साक्षीदार:
(सही) राल्फ क्लापरोट. रिमोटबाबत निषेध नोंदवून.
(सही) एबरहार्ड निगेमान. वाचले. आवाज तुमच्याइतकाच बेताचा ठेवीन.